साथरोग कायद्यात नागरिक कुठे आहे?

साथीच्या काळात सरकारने हात बांधून बसावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. प्लेगसारखा रोग एका घरात थांबत नाही आणि विलगीकरण ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. माझा आक्षेप आहे तो १८९७ च्या साथरोग कायद्याच्या घडणीला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. प्रचलित कायदे अपुरे वाटल्यास सरकारने तात्पुरते नियम करावेत, ते मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा लावता येऊ नये, एवढे त्यात आहे. पण ज्याला राहत्या घरातून उचलून नेले जाईल त्याला कारण सांगावे किंवा दाद कोठे मागायची ते कळवावे, याबद्दल एक अक्षरही नाही.

याचा अर्थ काय होतो, ते पुण्याने त्याच वर्षी पाहिले. प्लेग नियंत्रणासाठी नेमलेला इंग्रज अधिकारी रँड याच्या अधिकाराखाली गोरे सोल्जर थेट स्वयंपाकघरापर्यंत आणि देवघरापर्यंत शिरत, काखेत-जांघेत गाठ आहे का म्हणून माणसांची अंगे तपासत, संशयितांना छावणीत पाठवत आणि घरातले सामान जाळून टाकत. परिणामी लोक आजारी माणसे लपवू लागले, म्हणजे ज्या हेतूने हे सारे चालले होते त्यालाच हरताळ फासला गेला. झडत्या सुरू झाल्या त्याच मार्च महिन्यात, १० तारखेला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या, दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणले होते. रोग्याला दवाखान्यात नेणे दोन्हीकडे होतेच; त्याला माणूस म्हणून वागवणे एकाच ठिकाणी होते.

कोविडच्या वेळी, २०२० साली, हाच कायदा पुन्हा लागू झाला. त्यात दुरुस्ती करून डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा ठेवली गेली, आणि ते योग्यच झाले. पुढे लस ऐच्छिक आहे असे सरकार सांगत असताना मुंबईची लोकल मात्र दोन मात्रा न घेतलेल्यांना बंद होती. हातावर पोट असलेल्याला अशा ऐच्छिकपणाचा काय उपयोग? मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शरीरावरील अधिकार राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात, म्हणजे जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात, येतो आणि कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही; सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते वाजवी आणि प्रमाणात हवेत. हे तत्त्व साथरोग कायद्याच्या कलमांत लिहिले गेले पाहिजे, म्हणजे पुढच्या साथीत ते मिळवण्यासाठी कोणाला न्यायालयापर्यंत जावे लागणार नाही.