जुना अँटीव्हायरस जाता जात नाही

घरातला कॉम्प्युटर स्लो झाला की आमच्याकडे एकच उपाय, अँटीव्हायरस बदला. आणि हा उपाय काढला मीच, कबूल करते. फ्री झाले, ट्रायल झाले, एक वर्षाचं लायसन घेतलेले झाले. दर वेळी तेच, आधीचा वाईट, नवा चांगला, पहिले चार दिवस मशीन पळतंय असं वाटायचं आणि मग ये रे माझ्या मागल्या.

गेल्या महिन्यात तर कहर झाला. चालू केल्यावर डेस्कटॉप दिसायचा, माउस हलायचा, पण कशावरही क्लिक केलं तरी ढिम्म, चार-पाच मिनिटं नुसतं ते गोल फिरतंय. बाबा म्हणाले, "अगं, परत व्हायरस शिरलाय बहुतेक, एखादा चांगला अँटीव्हायरस टाक ना." मी नवीन डाउनलोड करायलाच बसले होते, पण म्हटलं जरा आधी बघू तरी आत्ता आत काय काय आहे.

विंडोज सिक्युरिटीमध्ये सेटिंग्जला मॅनेज प्रोव्हायडर्स म्हणून एक लिंक असते, तिथे मशीनवर कुठले अँटीव्हायरस नोंदलेले आहेत ते दिसतं. माझ्याकडे दोन दिसले. एक चालू असलेला, आणि दुसरा मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेला! म्हणजे मला वाटत होतं की काढलाय. मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायची ती काळी खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एफएलटीएमसी (fltmc) एवढंच टाइप केलं. फाइल सिस्टिमवर कुठकुठले फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे फाइलींच्या वाटेत बसणारे छोटे प्रोग्राम, बसलेत त्याची यादी येते, प्रत्येकापुढे एक नंबर, त्यात ३२०००० च्या घरातले नंबर अँटीव्हायरसवाल्यांचे. तर तिथेही हे जुने महाशय हजर. प्रोग्रामच्या यादीत नाव नाही, खाली घड्याळाजवळ आयकॉन नाही, पण ड्रायव्हर मात्र ठाण मांडून. (कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कशाला.)

हे इतकं जड का पडतं ते मला आत्ता कळलं. अँटीव्हायरस म्हणजे अधूनमधून स्कॅन मारणारा प्रोग्राम एवढंच आपल्या डोक्यात असतं, पण खरं काम ते रियल टाइमवालं. कुठलीही फाइल उघडली की ती आधी त्या ड्रायव्हरच्या हातातून जाते. आता असे दोन असले की एकाने तपासायला फाइल उघडली की दुसऱ्याला वाटतं अरे फाइल उघडली, मीही तपासतो. दोघं एकमेकांच्या मागे, आणि आपण बसलोय एक्सेल उघडायची वाट बघत. त्यात एकाच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे पकडलेल्या संशयित फाइली कोंडायच्या जागेत, ठेवलेला माल किंवा त्याची व्हायरसच्या खुणांची फाइल दुसऱ्याला व्हायरससारखी दिसू शकते, म्हणजे मग अजून गोंधळ. दोन टाकले की डबल सुरक्षा असं मी एके काळी छातीठोकपणे लोकांना सांगितलंय, त्यांची माफी मागते.

विंडोजबरोबरच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरचं म्हणून बरं आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो पूर्ण अँटीव्हायरस आहे, त्याआधी मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळं उतरवून घ्यायला लागायचं. घरच्या विंडोजवर दुसरा कुठला अँटीव्हायरस येऊन नीट नोंदला गेला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि तो गेला की परत कामाला लागतो. भांडत नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा आधीचा अर्धवट जातो आणि नोंद तशीच राहते.

आणि अर्धवट जाणं फार सोपं आहे हो. साध्या अनइन्स्टॉलने सगळं निघेलच असं नाही, म्हणून तर जवळजवळ प्रत्येक कंपनीने स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल काढलंय. अवास्टचं, ईसेटचं, मॅकॅफीचं, प्रत्येकाचं निराळं, आणि अवास्ट, ईसेटवाली टूल्स सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू करून, चालवायची असतात. ज्या कंपनीचा प्रोग्राम, तिच्याच साइटवरून टूल घ्यायचं, भलत्या ठिकाणचं क्लीनर नको, कारण तसलं काहीतरी उतरवूनच अर्धे लोक व्हायरस घरी आणतात.

मी टूल चालवलं, त्याने रिस्टार्ट मागितला, तेवढ्यात फोन आला म्हणून बाबांना म्हटलं जरा रिस्टार्ट करा ना. मी येऊन बघते तर परत तोच ड्रायव्हर यादीत! बाबांनी शट डाउन करून परत चालू केला होता. त्यांचंही बरोबर, कुणालाही दोन्ही सारखंच वाटणार. पण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही, तो डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात. ड्रायव्हर खऱ्या अर्थाने निघायला रिस्टार्टच लागतो. मग केला रिस्टार्ट, आणि गेले एकदाचे महाशय. मशीन मिनिटभरात हाताशी आलं.

मग विचार केला की एवढ्या वर्षांत मी बदलत तरी काय होते. अवास्टवरून एव्हीजीवर गेले होते मोठ्या तोऱ्यात, तर अवास्टने एव्हीजी २०१६ मध्येच विकत घेतलेली. अवीरा आणि नॉर्टन धरले तर आज ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच कंपनीची. म्हणजे मी घर बदलतेय असं समजत होते आणि प्रत्यक्षात एकाच वाड्यात या खोलीतून त्या खोलीत सामान हलवत होते. फुकटवाल्यांवरून मन उडालं ते वेगळ्या कारणाने, अवास्टची जंपशॉट नावाची कंपनी लोकांच्या ब्राउझिंगचा डेटा विकायची, २०२० मध्ये ती बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यापायी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. व्हायरसपासून वाचवणाऱ्यानेच खिडकीतून बघत बसायचं, काय बोलायचं.

अजून एक चटका. अनइन्स्टॉल केलं म्हणजे ऑटो रिन्युअल थांबत नाही! ते अकाउंटमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. बाबांच्या कार्डावरून एका वर्षाचे पैसे गेले अशा अँटीव्हायरसचे जो मशीनवर नव्हताच. क्वारंटाइनचंही तसंच, काढायच्या आधी एकदा बघून घ्या आत तुमची कामाची एखादी फाइल चुकून अडकलीय का, कारण प्रोग्रामबरोबर तीही जाऊ शकते. चुका होतात त्यांच्याकडूनही, २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस ठरवली होती आणि जगभर मशीन बसली होती, आपली एक्सेल शीट काय चीज आहे.

तर आता नवीन काही टाकलं नाही. डिफेंडर एकटा, आणि शंका आली की मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर, तो डाउनलोड केल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणजे दर वेळी ताजा उतरवायचा, इन्स्टॉल करायची भानगड नाही. मालवेअरबाइट्सचा फुकटवाला पण चालतो, फक्त ट्रायल असेपर्यंत तोही रियल टाइमवाला असतो हे लक्षात ठेवा.

सगळं झाल्यावर डिफेंडर खरंच जागा आहे का बघावं म्हणून नोटपॅडमध्ये आयकार टेस्टची ६८ अक्षरांची ओळ टाकून सेव्ह केली. ही फाइल अगदी निरुपद्रवी, अँटीव्हायरस तपासायलाच बनवलेली, सगळ्यांनी मिळून ठरवलंय की हिला व्हायरस म्हणायचं. सेव्ह केल्या केल्या डिफेंडरने झडप घातली, कोपऱ्यात थ्रेट सापडल्याचं नोटिफिकेशन. मी खूश. मागे बाबा उभे होते.

"बघ," ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो, व्हायरस होताच!"