आमची वाटचाल : अडकलेल्या लाईन सोडवता सोडवता

आमच्या पाटीवर ‘ईपीएबीएक्स विक्री, जोडणी व देखभाल’ असं लिहिलेलं आहे. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसातले फोन आपसात आणि बाहेरच्या लाईनशी जोडणारं मशीन. पण धंदा खरा उभा राहिला तो अडकलेल्या लाईन सोडवण्यावर. कॉल लावून द्यायला कुठलंही मशीन तयार असतं. कॉल संपला आहे, हे त्याच्या गळी उतरवणं अवघड.

सुरुवातीला सगळं काम ॲनालॉग ट्रंकचं, म्हणजे एक्स्चेंजकडून मशीनला येणाऱ्या साध्या बाहेरच्या लाईनचं. एक्स्चेंजकडून तांब्याची जोडी येते, तिच्यावर ४८ व्होल्ट डीसी. रिसीव्हर उचलला की लूप पूर्ण होतो, करंट वाहतो आणि डायल टोन मिळतो. याला लूप स्टार्ट म्हणतात. साध्या फोनला एवढं पुरतं, कारण समोरच्यानं फोन ठेवला की टोन ऐकून माणूसही ठेवतो. मशीनला ते आपोआप समजत नाही. व्हॉइसमेलमध्ये निरोप कमी आणि बिझी टोन जास्त, अशी तक्रार आली की आम्ही ओळखायचो.

त्याहून त्रासाचा प्रकार म्हणजे बाहेरून आलेला कॉल बाहेरच्याच नंबरवर वळवलेला. बोलणारे दोघंही केव्हाच गेलेले, पण मशीनमध्ये दोन ट्रंक एकमेकींना धरून बसलेल्या. आतलं एकही एक्सटेन्शन त्यात नाही, मग सोडणार कोण? ऑपरेटर वैतागून सांगायची, “सगळ्या लाईन बिझी दाखवतंय, आणि बोलत तर कोणीच नाहीये!”

अशा वेळी आम्ही ट्रंकला समांतर मीटर लावतो. चालू कॉलवर व्होल्टेज बरंच खाली आलेलं असतं. समोरच्याला फोन ठेवायला सांगायचं आणि मीटरवरची नजर हलवायची नाही. काटा क्षणभर शून्याला टेकून परत आला, तर एक्स्चेंज लूप तोडून खूण देतंय. हा तुटलेपणा सेकंदाच्या काही भागापुरताच असतो आणि डिजिटल मीटर तो सहज चुकवतो, म्हणून काट्याचा जुना मीटर आमच्या पिशवीतून अजून गेलेला नाही. काही लाईनवर पोलॅरिटी रिव्हर्सल मिळतं : आपण लावलेला कॉल समोरच्यानं उचलला की लाईनचे धन-ऋण उलटतात, त्यानं ठेवला की पूर्ववत होतात. हे मिळालं तर सोनंच. कॉल सुटतो, शिवाय बिलिंग उचलल्या क्षणापासून सुरू करता येतं. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर बिझी टोन ओळखण्याची सोय चालू करायची. तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. टोनची फ्रीक्वेन्सी आणि चालू-बंदची लय त्या एक्स्चेंजप्रमाणे बसवावी लागते. सैल ठेवली तर होल्डवरचं संगीतही टोन समजून चालू कॉल कापला जातो, घट्ट ठेवली तर लाईन सुटतच नाही. म्हणून ट्रंक-टू-ट्रंक कॉलवर वेळेची मर्यादा आम्ही घालतोच, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.

बाहेर फोन लावायला लाईन घेतली आणि कानात कोणा अनोळखी माणसाचं “हॅलो” आलं, हा अनुभव जुन्या ऑफिसांत अनेकांना असेल. दोन्ही टोकांनी एकच ट्रंक एकाच वेळी धरली की असं होतं. यावर ग्राउंड स्टार्ट हा इलाज, कारण त्यात लाईन धरताच एक्स्चेंज टिप तारेला (जोडीतल्या दोनपैकी एका तारेला) ग्राउंड देतं आणि ईपीएबीएक्सला रिंगची वाट बघावी लागत नाही. ते नसेल तर येणारे कॉल पहिल्या लाईनपासून आणि जाणारे शेवटच्या लाईनपासून, एवढी मांडणीही बरंच काम करते.

पीआरआय, म्हणजे अनेक कॉल एकत्र नेणारी डिजिटल लाईन आली आणि आमचे तर्क संपले. २.०४८ एमबीपीएसच्या त्या लिंकवर ३० चॅनेल बोलण्याचे, सिग्नलिंगचा एक वेगळा. डिस्कनेक्ट, रिलीज, रिलीज कम्प्लीट असे स्पष्ट संदेश, वर कारणाचा आकडा : १६ म्हणजे नेहमीसारखा संपलेला, १७ म्हणजे समोरचा बिझी, ३४ म्हणजे चॅनेलच रिकामा नव्हता. ‘तुमच्या मशीनचा दोष’ असा वाद निघाला की आम्ही ट्रेस, म्हणजे या संदेशांची नोंद, काढून पुढे ठेवू लागलो. मेंटेनन्सचे करार टिकले ते यामुळे.

आता बहुतेक काम सिप ट्रंकचं, म्हणजे डेटा नेटवर्कवरून येणाऱ्या लाईनचं, आणि जुनं दुखणं नव्या वेषात परत आलंय. फोन ठेवला की ‘बाय’ हा संदेश जायला हवा. मधला फायरवॉल किंवा राउटर जोडणीची नोंद विसरला, तर तो पोचतच नाही आणि कॉल लटकतो. त्यासाठी सेशन टायमर चालू ठेवतो. सुचवलेली मुदत १८०० सेकंदांची. तेवढ्यात सेशन ताजं झालं नाही तर कॉल आपोआप तुटतो. जोडणी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना आजही प्रत्येक ट्रंकवर कॉल लावतो, समोरच्याला आधी फोन ठेवायला लावतो आणि लाईन सुटल्याचं स्क्रीनवर दिसल्याशिवाय सही मागत नाही.