२८ सेंमी जपानी हॉवित्झर, १/३५ (भाग ४): तोफ झाली, जमीन अडली

मंडळी, तोफेच्या १/३५ मापाच्या प्रतिकृतीची नळी एकदाची झाली. मूळ नळी २.८६ मीटर, म्हणजे आपल्या मापात जेमतेम ८२ मिमी. तोंड २८० मिमीचं, ते बरोब्बर ८ मिमीवर येतं. असं सरळ गणित आपल्या नशिबी क्वचितच. आत पितळी नळी बसवली, बाहेरचा जाडजूड भाग ओळखीच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियममध्ये काढून घेतला. पहिला तुकडा भंगारात गेला. माप मीच चुकीचं लिहून दिलं होतं.

आता खरं दुखणं: बैठक. ही तोफ मुळात किनाऱ्यावरची. इटालियन आराखड्यावरून ओसाकाच्या शस्त्रागारात बनलेली, टोकियोच्या आखाताच्या तोंडाशी बसवलेली. काम एकच, २१७ किलोचा गोळा उंच उडवून शत्रूच्या जहाजाच्या डेकवर वरून आदळायचा. थोडक्यात, आपली उखळी तोफच. म्हणून दोन रविवार घालवून पीओपीत घडीव दगडांचा मोर्चा, म्हणजे तोफ बसवायची तटबंदी, कोरला. छान दिसत होता हो! पण तोफ ठेवली आणि वाटलं, ही नुसती समुद्राकडे बघत बसलीये.

हिचं नाव झालं ते रशिया-जपान युद्धात, १९०४ च्या पोर्ट आर्थर या रशियाच्या ताब्यातल्या बंदराच्या वेढ्यात. तिथे अशा १८ तोफा नेल्या, आणि प्रत्येकीसाठी काँक्रीटचा पाया घालावा लागला. तेव्हा दगडी मोर्चा माळ्यावर, नवा पाया सुरू. पांढऱ्या सिमेंटमध्ये बारीक चाळलेली वाळू घातली. वाळताना कडेला तडा गेला. पुटीने बुजवणार होतो, मग राहू दिला. घाईत ओतलेला पाया इतका गुळगुळीत कशाला हवा?

बर्फ घालणार नाही. माझा देखावा १ ऑक्टोबरचा, या तोफांनी तिथे पहिल्यांदा मारा केला त्या दिवसाचा. आणि कृपा करून तोफ तिथल्या ‘२०३ मीटर’ नावाच्या टेकडीच्या माथ्यावर ठेवू नका, असे देखावे मी पाहिलेत. ५ डिसेंबरला ती टेकडी पडल्यावर वर गेले ते तोफांना नेम सांगणारे निरीक्षक. त्यांना बंदर दिसत होतं. तोफा मागेच राहिल्या आणि तिथूनच त्यांनी नांगरलेली रशियन जहाजं बुडवली. किनाऱ्यावरच्या तोफेला शेवटी जहाजं मिळाली, तीही जमिनीच्या बाजूने!

आता गोळा उचलायची छोटी क्रेन. साखळी दागिन्यांच्या दुकानातली आणलीये, पण कड्या जरा मोठ्या वाटतात. कुणाकडे याहून बारीक असेल तर सांगा.