एक घोडा, दोन घोडे : क्लेरमाँ-फेराँच्या लघुपट महोत्सवात

दोन बायका पांढरी चादर धरून उभ्या आहेत. दोघी एकमेकींकडे चालत येतात, टोकाला टोक जुळवतात, एक जण आपली टोकं दुसरीच्या हातात देते, वाकून घडीची खालची बाजू उचलते आणि पुन्हा दोन पावलं मागे जाते. मग पुढची चादर. जागा एका इस्पितळातली कपडे धुण्याची खोली. माहितीपट चौदा मिनिटांचा, त्यात निवेदन नाही, मुलाखत नाही, संगीत नाही, मागे यंत्रांची घरघर तेवढी. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की या दोघी एकमेकींकडे बघतच नाहीत. इतक्या वर्षांच्या सवयीनंतर बघायची गरजच उरलेली नाही. शेवटी एक तरुण मुलगी पुढे येऊन चादर धरते आणि तिची टोकं जुळत नाहीत. वयस्कर बाई थांबते, चादर खाली सोडते, पुन्हा उचलते. जुनी जोडीदारीण आता कामावर येणार नाही, हे आपल्याला तेवढ्यावरून कळतं.

टाळ्या पडल्या, दिवे मात्र लागले नाहीत. काही सेकंद काळोख, आणि लगेच पुढचा सिनेमा सुरू. कोळशाने काढलेलं ॲनिमेशन होतं ते. एकाच कागदावर चित्र काढायचं, कॅमेऱ्याने टिपायचं, थोडं पुसायचं आणि त्यावरच पुढचं काढायचं, अशी ती पद्धत. पुसलेल्या रेघांचे डाग कागदावर राहतात आणि माणूस चालतो तेव्हा त्याच्यामागून त्याच्या आधीच्या जागा चालत येतात. पण सुरुवातीला पडद्यावर नुसता कोरा कागद आला, तेव्हा मला ती चादरच वाटली. हा सिनेमा एकटा पाहिला असता तर असं वाटलं नसतं.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून निघालेली गाडी साडेतीन तासांनी क्लेरमाँ-फेराँला पोचते. मध्य फ्रान्समधला हा सगळा निद्रिस्त ज्वालामुखींचा प्रदेश, १४६५ मीटर उंचीचा प्वी द दोम शहरातून कुठूनही दिसतो. जवळच्या व्होल्व्हिकच्या खाणींतल्या लाव्हाच्या दगडात बांधलेलं इथलं कॅथीड्रल काळंभोर आहे. ओल्या थंडीत ते आणखी काळं दिसत होतं. मिशेलिन टायरचं हे गाव. ब्लेझ पास्कालचंही हेच. १६४८ साली त्याच्या मेव्हण्याने याच डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन हवेच्या दाबाचा प्रयोग केला होता. मला डोंगरावर जायचं होतं, पण रोज सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत मी अंधारात बसलेली असायचे, त्यामुळे ते राहूनच गेलं.

इथल्या विद्यापीठातल्या फिल्म क्लबच्या मुलांनी १९७९ साली लघुपटांचा एक आठवडा भरवला. १९८२पासून त्याची स्पर्धा झाली, १९८८ला आंतरराष्ट्रीय विभाग आला आणि आज लघुपटांचा जगातला सर्वांत मोठा महोत्सव म्हणून हेच नाव घेतात. शहराची वस्ती दीड लाखाच्या आसपास. नऊ दिवसांत सगळ्या खेळांच्या हजेऱ्या मोजल्या, तर कित्येक वर्षी त्या वस्तीपेक्षा जास्त भरल्या आहेत. हे वाचून आले होते, पण डोळ्यांनी पाहीपर्यंत पटलं नव्हतं. हजाराच्या वर खुर्च्यांचं कॉक्तो सभागृह कामाच्या दिवशी सकाळी भरलेलं! रांगेत शाळेची मुलं, काठी टेकत आलेले आजोबा, बाळाला पोटाशी बांधून आलेली आई. सिनेमाच्या धंद्यातली माणसंही होती, पण ती या गर्दीत विरघळून गेलेली.

हे प्रेम काही आपोआप आलेलं नाही. फ्रान्समध्ये १९४०च्या एका कायद्याने मुख्य चित्रपटाबरोबर लघुपट दाखवणं भाग होतं. १९५३मध्ये ते संरक्षण काढून घेतलं गेलं, तेव्हा तीस सिनेमावाल्यांनी एकत्र येऊन जाहीरनामा काढला. त्या भांडणातून १९५५ला दर्जेदार लघुपटांसाठी अनुदान सुरू झालं. (आपल्याकडेही १९४८ला फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाल्यावर कित्येक दशकं चित्रपटाआधी माहितीपट दाखवावाच लागे. मी लहानपणी ते माहितीपट चुळबुळत पाहिलेत. आज त्यांतले पुन्हा पाहायला मिळावेत म्हणून जीव तुटतो.)

इथे सिनेमे सुटे दाखवत नाहीत, पाच-सहा मिळून एक कार्यक्रम असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले कार्यक्रम आय-१, आय-२ असे, फ्रेंच सिनेमांचे एफने सुरू होणारे आणि २००२मध्ये सुरू झालेल्या प्रयोगशील लॅब विभागाचे एलने. कोणता सिनेमा कुणाच्या बाजूला बसवायचा, हे निवडसमितीचं खरं कसब. लघुपट किती मिनिटांचा, याला जगभर एकच उत्तर नाही. ऑस्करला चाळीस मिनिटं चालतात, बर्लिनच्या महोत्सवात तीस, कानच्या महोत्सवात पंधराच. पण अर्ध्या तासाचा एक सिनेमा आत घेतला की दहा-दहा मिनिटांचे तीन बाहेर राहतात. त्यामुळे लांब लघुपट करणाऱ्यांची सगळीकडेच अडचण होते. इथल्या बाजारात, म्हणजे १९८६पासून महोत्सवाबरोबर भरणाऱ्या लघुपटांच्या बाजारात, देशोदेशींच्या टेबलांवरून फिरताना ही तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकली.

तिसऱ्या दिवशी शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर महोत्सवाची पुस्तिका, हातात पेन्सिल. प्रत्येक सिनेमानंतर अंधारातच काहीतरी लिहायच्या. गुण देत असतील, असं मला वाटलं. दिवे लागल्यावर पाहिलं, तर पानावर नुसते बाण होते : दुसऱ्या सिनेमाकडून पाचव्याकडे, पाचव्याकडून पहिल्याकडे. मी विचारलं, "हे काय?"

त्या म्हणाल्या, "एकच सिनेमा बघायचा तर मला घरचा टीव्ही पुरतो. इथे मी त्यांचा शेजार बघायला येते."

त्या दिवसापासून मीही बाण काढायला लागले. एका कार्यक्रमात दोन भावांची गाडीतली भांडाभांडी होती. ती मला ओढूनताणून आणलेली वाटली. पण तिच्या आधी दाखवलेल्या माहितीपटात एका कुटुंबाच्या जुन्या घरगुती फिती जोडल्या होत्या, आणि त्यात दोन लहान मुलं सायकलच्या मागच्या सीटवरून धक्काबुक्की करत होती. देश वेगळा, दशक वेगळं, माणसं वेगळी. तरीही पडद्यावरच्या त्या गाडीला माझ्यापुरतं एक बालपण मिळालं. कुणा एका दिग्दर्शकाने हे ठरवलेलं नव्हतं.

चादरींचा माहितीपट करणारी दिग्दर्शिका दुसऱ्या दिवशी सकाळच्या खुल्या गप्पांना आली होती. स्वतंत्रपणे काम करणारी. कॅमेरा तिचाच, आवाज टिपायला एक मैत्रीण, बाकी कुणी नाही. पहिले सहा आठवडे ती कॅमेरा न नेता नुसती तिथे जाऊन बसत होती म्हणे, यंत्रं कधी थांबतात ते पाठ होईपर्यंत. मी शेवटच्या प्रसंगाबद्दल विचारलं. ती क्षणभर थांबली आणि सरळ म्हणाली, "ती मुलगी पहिल्या दिवशी खरंच चुकली होती. तेव्हा माझा कॅमेरा नको त्या बाजूला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला तसंच करायला सांगितलं."

सभागृहात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. ज्या एका क्षणावर माझा सगळा जीव जडला होता, तो सांगून करून घेतलेला होता. तिने तो लपवला नाही याबद्दल आदरच वाटला, पण रात्री झोप नीट लागली नाही. माहितीपटाकडून मी नेमकं काय मागते, याचं उत्तर मला सापडत नव्हतं.

परतताना वाट वाकडी करून लियोंला गेले. गाडीने अडीच तासांच्या आसपास. मोंप्लेझीर भागात ल्यूमिएर बंधूंच्या कारखान्याची एक शेड अजून उभी आहे आणि त्या रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असं आहे. इथेच १८९५च्या मार्चमध्ये लुई ल्यूमिएरने कॅमेरा लावला आणि कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार टिपले. सतरा मीटरची फीत, जेमतेम पन्नास सेकंद. लघुपटही तोच आणि माहितीपटही तोच.

शेजारच्या ल्यूमिएरांच्या वाड्यात आता संग्रहालय आहे. तिथल्या पडद्यापुढे मी बसले. हा सिनेमा एक नाही, तीन आहेत, हे मला ऐकून माहीत होतं, पण एकापाठोपाठ एक कधी पाहिले नव्हते. जाणकार त्यांना घोड्यांवरून ओळखतात. एकात गाडीला एक घोडा आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात घोडागाडीच नाही. दरवाजा तोच, बायकांचा तोच लोंढा डावी-उजवीकडे फुटतो, कुणी सायकलवरून निघतो. पण कपडे बदललेत, उन्हाची तिरीप बदललीय. म्हणजे मालकाने कामगारांना पुन्हा एकदा, आणि मग आणखी एकदा, कारखान्यातून बाहेर पडायला सांगितलं होतं. घाईने चालणाऱ्या त्या बायकांतली एकही कॅमेऱ्याकडे टक लावून बघत नाही, हे त्यानंतर वेगळंच दिसायला लागलं.

मी वही काढली आणि बाण काढले. एक घोड्याकडून दोन घोड्यांकडे, तिथून बिनघोड्याच्या दरवाज्याकडे, आणि तिथून एक लांब बाण इस्पितळातल्या त्या खोलीकडे. ल्यूमिएरांच्या तिन्ही खेपा निदान जपलेल्या आहेत, शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. त्या मुलीने पहिल्या दिवशी चादर कशी धरली होती, ते मात्र कुठल्याच फितीवर नाही.