घाटात काटा चढतो तेव्हा

आमच्या पिकअपचा टेम्परेचरचा काटा हळूहळू चढत जायचा तो फक्त आंबा घाटात. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालं की हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, थेट साखरप्यापर्यंत काटा मध्यावरून हलायचा नाही. साखरपा सोडला, चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर आली, की लाल पट्टीकडे सरकायला सुरुवात. माथ्यावर आंबा गाव आलं की आपसूक खाली.

एका मिस्त्रींनी सांगितलं, "भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको." थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. दुसऱ्यांचं म्हणणं, हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल. ऐन सिझनमध्ये इंजिन उघडायचं म्हणजे बागायतदाराचा माल दारात पडून राहणार. त्यामुळे मी ठरवलं, आधी पुरावा, मग पाना.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण आमच्या भागात गाडी तापली की अंदाजाने पार्ट बदलत जातात आणि चालकाचे पैसे पाण्यात जातात. काटा किती वर गेला यापेक्षा कधी गेला आणि किती वेगाने गेला, हे बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

आमच्या गाडीत एक वेगळीच गोष्ट दिसली. संध्याकाळी हेडलाईट लावले की काटा एका क्षणात उडायचा, बंद केले की परत जागेवर. इंजिनातलं एवढं पाणी क्षणात तापतही नाही आणि निवतही नाही. असा उडणारा काटा म्हणजे वायरिंगचा दोष. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बॉडीच्या कोऱ्या पत्र्याला लावलं आणि हेडलाईट चालू केले. ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं होतं, आलं अर्धा व्होल्ट. बॉडीची अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने आणि पावसाने हिरवी पडली होती. ती घासून, नवीन बोल्ट मारून, वर ग्रीस लावलं. उडी बंद झाली. किनारपट्टीवर गाडी चालवणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर बघावंच.

पण घाटात काटा चढायचा, ते मात्र खरं होतं. डायग्नोस्टिक सॉकेटला ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावून मोबाईलवर आकडे पाहिले. सपाटीला ९० अंशांच्या आसपास, घाटात हळूहळू १०८. डॅशबोर्डचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आकडा बघणं महत्त्वाचं.

गॅस्केटची शंका फेडायला सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. सतत बुडबुडे नाहीत. झाकण लावून पुन्हा चालू केली, तरी मिनिटा-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाईप) दगडासारखा कडक होत नाही. ऑइल दुधाळ नाही, कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी स्थिर. एवढ्यावर गॅस्केट शंभर टक्के निर्दोष ठरत नाही, पण इंजिन उघडण्याइतका संशयही उरत नाही. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग तेव्हाच बघून घेतलं. या झाकणाला लोक किंमत देत नाहीत. झाकणाने बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाब धरला, तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर तेच पाणी शंभरला उकळून बाहेर पडतं.

मग राहिली हवा. घाटात भरलेली गाडी वीसच्या वेगाने रडत चढते, उष्णता भरपूर, समोरून वारा जवळपास नाही. सगळा भार फॅनवर. सपाटीला वारा स्वतःच रेडिएटर थंड करतो, म्हणून तिथे दोष लपतो. आमचा फॅन व्हिस्कस, म्हणजे आत सिलिकॉन तेल असलेल्या क्लचने इंजिन फिरवतं तो. तापल्यावर त्याने मोठा घरघर आवाज करायला हवा होता, घाटात तो कधी ऐकूच आला नाही. इंजिन बंद आणि गार असताना पातं हाताने फिरवलं तर बोट सोडल्यावरही सैल फिरत राहिलं. हबजवळ तेलाचा काळपट ओघळ, त्यावर धूळ चिकटलेली. क्लचमधलं सिलिकॉन तेल गळून गेलं होतं.

आणि एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) सोडवून पुढे ओढला तेव्हा मागचा रेडिएटर दिसलाच नाही, दिसली नुसती जांभ्याची तांबडी माती. बागेतल्या कच्च्या रस्त्यांची धूळ, वाळलेलं गवत, किडे, सगळं दोन जाळ्यांच्या मध्ये थापल्यासारखं बसलेलं. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ! इंजिनाच्या बाजूने बाहेर असं कमी दाबाने पाणी मारून धुतलं. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा मारला की पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद.

नुसतं धुतल्यावर घाटातला आकडा १०८ वरून १०३ वर आला. फॅनचा क्लच नवीन बसवल्यावर तोच माल, तोच घाट, आणि ९६. फॅनची घरघर केबिनमध्ये ऐकू येते, आणि मला ती फार आवडते.

थर्मोस्टॅट काढला नाही. अनेक इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. काढला की गरम पाणी रेडिएटर चुकवून इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे घाटात गाडी आणखी तापते. एरवी इंजिन गार राहून डिझेल जास्त खातं. संशय असेल तर काढून पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळा. त्यावर छापलेल्या अंशाला, बहुधा ८२ ते ८८ च्या दरम्यान, उघडायला लागला तर परत बसवा.

घाटातच काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन थोडं रेसवर चालू ठेवा. गरम झाकणाला हात लावू नका, तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. आणि गाडी ओढत नाहीये, वाफ दिसतेय आणि काटा मात्र एकदम खाली पडला, तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी निघून गेलंय, सेन्सर कोरडा लटकतोय. त्या क्षणी इंजिन बंद करा.