केप पॉइंट 'चालत पाच मिनिटांवर' नाही

नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्या, किंवा व्हर्जिनिया-न्यू जर्सीहून खाली उतरणाऱ्या, गरवायचा नाद असलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. शरदात हॅटरस बेटावर, बक्स्टनच्या केप पॉइंटला मोठा रेड ड्रम मासा धरायचं मनात असेल तर घर भाड्याने घेण्याआधी अंतर स्वतः नकाशावर मोजा. आमच्या घरमालकाने जाहिरातीत 'केप पॉइंट पाच मिनिटांवर' असं ठळक लिहिलं होतं. पाच मिनिटं खरी, पण ती रॅम्प 44 पर्यंतची, म्हणजे गाड्या वाळूवर उतरतात त्या वाटेपर्यंतची, आणि गाडीने. रॅम्पपासून पुढे पॉइंट मैलभर, थोडा जास्तच, आणि सगळी भुसभुशीत पुळण. फोनवर विचारलं तर म्हणाला, "लोक जातात की चालत!" जातात ना. हात हलवत जातात, फोटो काढून परत येतात.

गरवायला जाणाऱ्याचं सामान काय असतं ते या गृहस्थाला ठाऊक नसावं. बारा-तेरा फुटी दोन रॉड, ते वाळूत रोवायच्या नळ्या, आमिष आणि बर्फाने भरलेला कूलर, दीडेक किलो शिसं, पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची विजार (वेडर), डोक्याला लावायचे दिवे, पाणी. मी आणि माझे साडू, दोघे धडधाकट, दर शनिवारी डोंगर चढणारे. बरोबर दुकानातून आणलेली हातगाडी होती, अरुंद प्लॅस्टिक चाकांची. पहिल्या शंभर पावलांतच चाकं आसापर्यंत रुतली. मग एकाने पुढून ओढायची, दुसऱ्याने मागून उचलायची. साडू म्हणाले, "राव, बैल असते तर एव्हाना बसले असते." ओहोटी असेल तर पाण्याकडेच्या ओल्या, घट्ट पट्टीवरून निभतं. आम्ही निघालो भरतीला, म्हणजे ती पट्टी पाण्याखाली आणि चालायला फक्त ट्रकांनी उकरलेल्या चाकोऱ्या. त्यात पाय घोट्यापर्यंत जातो, वेडरमध्ये घाम साचतो, आणि शेजारून एकेक पिकअप आरामात पुढे निघून जाते. पोचेपर्यंत खांदे इतके भरून आले होते की पहिला तासभर धड फेकताच येईना. परतीचा रस्ता रात्रीचा, समोरून वारा. त्याबद्दल लिहीत नाही, अजून राग येतो.

थोडक्यात, सामान घेऊन चालत जाऊ नका. ज्याच्याकडे वाळूत चालणारी गाडी नाही, स्वतःची किंवा भाड्याची, त्याने केप पॉइंटचा विचार सोडावा.

विमानतळावर मिळणारी भाड्याची गाडी वाळूत घालायला करारातच मनाई असते. बेटावर मात्र समुद्रकिनाऱ्यासाठी म्हणून फोर बाय फोर भाड्याने मिळतात, दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं. खिसा हलका झाला, पण आदल्या दिवशीच्या मानाने काहीच वाटलं नाही. घेताना त्या गाडीचं नॅशनल पार्क सर्व्हिसचं परमिट आहे का ते विचारा, कारण केप हॅटरस नॅशनल सीशोअरवर ते प्रत्येक गाडीला लागतं. फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि हवेचा दाब मोजायचं मीटर गाडीत असणं सक्तीचं आहे. टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा, आणि ती रॅम्पच्या अलीकडे उतरवा, रुतल्यावर नाही. आमच्यासमोर एका ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हरवाल्याने हवा न सोडता गाडी घातली आणि रॅम्प अर्धा तास तुंबवला. हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ असू द्या.

किनाऱ्याचा कुठला भाग उघडा आहे ते रोज पाहायचं. वसंत-उन्हाळ्यात पक्ष्यांच्या आणि कासवांच्या घरट्यांसाठी मोठमोठे पट्टे बंद होतात, पॉइंटसुद्धा. 1 मे ते 14 सप्टेंबर रात्री 9 ते सकाळी 7 किनाऱ्यावर गाडीच चालवता येत नाही. त्यानंतर 15 नोव्हेंबरपर्यंत काही रस्ते रात्री उघडतात, काही घरट्यांमुळे बंदच राहतात. मोठे ड्रम रात्रीच जास्त लागतात, म्हणून ही तारीख पाहूनच सुट्टी टाका.

आता आमिष. इथे आम्हाला दुसऱ्यांदा टोपी घातली गेली. दुकानात 'ताजा बंकर' म्हणून जे दिलं ते गोठवून वितळवलेलं होतं, आणि पैसे ताज्याचे. मालवणच्या बाजारात वाढलेल्याला हे लगेच कळायला हरकत नव्हती, पण मासे पिशवीत बर्फाखाली बांधून हातात दिले. किनाऱ्यावर उघडले तर डोळे दुधाळ, पोट फाटलेलं, आणि हुकात ओवलेला तुकडा फेकताना हवेतच गळून पडतो. आठ औंसाचं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमचं शिसं जोरात भिरकावलं की मऊ मांस टिकतच नाही. बंकर म्हणजे तिकडची मेनहेडन, तेलकट, वासाची. पिशवी दुकानातच उघडायला लावा. डोळा स्वच्छ, कल्ला लाल, अंग कडक. नसेल तर मलेटची, म्हणजे बोयची, ताजी डोकी घ्या, ती हुकात घट्ट राहतात आणि बाकीचे छोटे मासे ती पटकन कुरतडत नाहीत.

पॉइंटवर गर्दी असते, खांद्याला खांदा. तिथली शिस्त न पाळणाऱ्याला लोक तोंडावर बोलतात, आणि बरोबर करतात. डायमंड शोल्सच्या उथळ्यांवरून प्रवाह आडवा वाहतो, त्यामुळे प्रत्येकाचं शिसं हळूहळू सरकतं. फेकून झाल्यावर दोरीबरोबर आपणही सरकायचं, आणि पुन्हा टोकाशी येऊन आपला नंबर लावायचा. तंगूस 17 ते 20 पौंडी, त्याच्या पुढे शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसणारा जाड दोरीचा तुकडा. शिशाच्या दर औंसाला दहा पौंड असा हिशेब धरतात, म्हणजे आठ औंसाला 80. हे टाळलंत तर फेकताना दोरी तुटून शिसं शेजारच्याच्या डोक्यात जाऊ शकतं. ब्रेडेड दोरी दिसली तरी तिथे कपाळाला आठ्या पडतात, कारण गुंता झाला की ती दुसऱ्याचं तंगूस कापते. शिसं तारांच्या पायांचं घ्या, गुळगुळीत शिसं त्या प्रवाहात तळाला टिकत नाही. आणि कमरेवर पाण्यात शिरू नका. टोकाशी दोन बाजूंच्या लाटा एकमेकींवर आपटतात, पायाखालची वाळू सरकते, वेडरला पट्टा नसेल तर पाणी आत भरतं.

वारा सगळ्यात महत्त्वाचा. आधीच्या दिवशी निळंशार, शांत पाणी होतं, फोटो सुंदर आले, मासा शून्य. मग ईशान्येचा वारा सुटला, पाणी गढूळ झालं, अर्ध्या लोकांनी गाशा गुंडाळला. आम्ही थांबलो.

अंधार पडून बराच वेळ झाल्यावर माझा रॉड वाकला. टोक आत वळलेला सर्कल हुक असला की झटका द्यायचा नाही. मासा दोरी घेऊन निघाला की रॉड आपोआप वाकतो, हुक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. "चला, तुमच्याकडे आलाय!" साडूंनी ओरडून रस्ता मोकळा केला. दोन्हीकडच्या लोकांनी न सांगता आपापले रॉड वर-खाली केले आणि मी दोऱ्यांखालून वाकत, किनाऱ्याने पळत राहिलो. मान्य, त्या रात्रीनंतर सगळ्या दगदगीवर मी फार उदार झालोय, तेव्हा पुढचं थोडं हातचं राखून वाचा. लाटेबरोबर तो उथळ पाण्यात आला तेव्हा दिव्यात तांब्यासारखा दिसला. शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका, भोवती निळसर कड, रुपयाएवढे खवले. पोटाखाली हात घातला आणि आतून धप, धप असं तळव्याला लागलं. घोळ आणि ढोमीच्याच कुळातला हा मासा, पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतो. मापला, 43 इंच. 40 इंचांच्या वरचा सोडला की राज्याकडून प्रशस्तिपत्र मिळतं, त्यासाठी मोजमाप आणि साक्षीदार तिथेच पक्का करा.

सोडायचाच असतो. नॉर्थ कॅरोलिनात 18 ते 27 इंचांमधला, माणशी दिवसाला एकच ठेवता येतो. 27 च्या वरचा एकही नाही. तीन मैलांपलीकडच्या संघराज्याच्या पाण्यात तर कोणत्याच मापाचा नाही. 1980 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम या शेफने 'ब्लॅकन्ड रेडफिश' (रेडफिश म्हणजे हाच रेड ड्रम) लोकप्रिय केला आणि मेक्सिकोच्या आखातात या माशाची इतकी लूट झाली की तिथे बंदी आणावी लागली. हे मासे साठ वर्षं जगू शकतात, तेव्हा तुमच्या हातातला तुमच्याहून म्हाताराही असेल. कोरड्या वाळूवर ओढू नका, कल्ल्यात बोटं घालून उभा टांगू नका, फोटो पाण्यातच काढा आणि तो स्वतःहून शेपूट मारेपर्यंत धरून ठेवा. कालवणाचं स्वप्न असेल तर छोटा, पपी ड्रम म्हणतात तो ठेवा, चवीला तोच बरा. आणि जागतिक विक्रम मोडायच्या गप्पा मारू नका. 94 पौंड 2 औंसांचा तो मासा बक्स्टनच्या शेजारच्याच एव्हनला 7 नोव्हेंबर 1984 रोजी लागला आणि अजून टिकून आहे.

गाडी, वाळू, गर्दी हे सगळं नको असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पामलिको साउंडमध्ये बोटीने जा. अंडी घालायला मोठे ड्रम त्या खाडीत येतात. गाईड महाग पडतो, पण माणशी हिशेब केला तर भाड्याची फोर बाय फोर, घर आणि कुजकं आमिष मिळून फार फरक राहत नाही. जुलै ते सप्टेंबर तिथे मोठ्या हुकांसाठी खास नियम आहे: टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केलेला सर्कल हुक आणि त्याच्या अगदी जवळ पक्कं बसवलेलं शिसं. गाईड हे न सांगता जुना इंग्रजी J आकाराचा हुक बांधत असेल तर त्याच्या बोटीत बसू नका. मजा मात्र पॉइंटचीच, हे स्पष्ट सांगतो.

मधला एक दिवस शेजारच्या ओक्राकोक बेटावर गेलो. गाड्या नेणारी फेरीबोट फुकट आहे, गाव छान आहे.

मासेमारीचा परवाना सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतो, ऑनलाइन काढा, दुकानात रांग असते. आणि निघायच्या सकाळी हायवे 12 ची स्थिती पाहा. ईशान्येच्या वाऱ्याने आम्हाला मासा दिला, त्याच वाऱ्याने पी आयलंडच्या पट्ट्यात समुद्राचं पाणी रस्त्यावर आणलं होतं. बेटाबाहेर पडायला दुसरा रस्ता नाही, म्हणून भरतीची वेळ टाळा, आणि सोमवारी सकाळची मीटिंग ठेवू नका.