लेनी क्रॅविट्झसोबतची दुपार
आज सुट्टी असल्याने अमेरिकी गायक-संगीतकार लेनी क्रॅविट्झचा २००० साली निघालेला निवडक गाण्यांचा संग्रह कितीतरी दिवसांनी निवांत ऐकला. १९८९च्या पहिल्या अल्बमपासून हा कलावंत ड्रम, बास, गिटार अशी बहुतेक वाद्ये स्वतःच वाजवत आला आहे, आणि साठ-सत्तरच्या दशकांतील सोल व रॉक संगीताचा तो उबदार, किंचित खरखरीत नाद त्याने इतक्या मायेने जपला आहे की त्याला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. १९९१मधल्या ‘इट एन्ट ओव्हर टिल इट्स ओव्हर’मध्ये व्हायोलिनांच्या लाटेवर इलेक्ट्रिक सतारीचे सूर उमटतात, तेवढा भाग मी पुन्हा पुन्हा ऐकला. या संग्रहातच पहिल्यांदा आलेल्या ‘अगेन’ या गाण्याला पुढे ग्रॅमी हा संगीत पुरस्कार मिळाला; ते सुरू झाले तेव्हा हातातले काम आपोआप थांबले.